आधी कोणता डोंगर राखावा?



पावसाळा संपला की हवा स्वच्छ होते. अशा दिवशी डोंबिवलीत पूर्वेच्या एखाद्या उंच गच्चीवर चढा. दूर मलंगगडाचा कडा दिसेल. बदलापूरकडे गेलात तर माथेरानची रांग दिसेल. कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर सह्याद्रीची भिंतच समोर येईल.

या सर्व डोंगरांवर पाखरे राहतात. सर्वच डोंगर राखले पाहिजेत, यात शंका नाही. पण राखणदार थोडे, पैसा थोडा आणि डोंगर पुष्कळ. मग आधी कोणता राखायचा? ते ठरवायचे कसे? हाच आजचा धडा आहे.

१. पाखरांसाठी एवढा खटाटोप कशाला?

कोणी म्हणेल, "माणसाला राहायला जागा मिळेना, आणि तुम्ही पाखरांचं काय घेऊन बसलात?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सोपे आहे.

धनेश पक्षी वडाची, उंबराची फळे खातो. दूर जाऊन बी टाकतो. तिथे नवे झाड उगवते. घुबड आणि पिंगळा उंदीर खातात. शेतकऱ्याचे धान्य वाचते. गिधाड मेलेले जनावर खाऊन टाकते. गावाची घाण जाते. ही सारी मंडळी बिनपगारी कामगार आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. डोंगरावर झाडी असली की पावसाचे पाणी मुरते, माती धरून राहते. मुंबईला तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मिळते. त्या तलावाभोवती जंगल आहे. जंगल पाणी राखते, आणि पाखरे जंगल पेरतात. तेव्हा पाखरांची काळजी ही आपल्या घागरीची काळजी आहे.

२. डोंगर म्हणजे एक चाळ

पुष्कळांना वाटते, डोंगर म्हणजे त्याचे शिखर. तसे नाही. डोंगर चाळीसारखा असतो. प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड.

पायथ्याशी साग आणि मोकळे रान असते. तिथे मोर, सातभाई आणि पिंगळा राहतात. उतारावर ओढ्याकाठी दाट झाडी असते. तिथे तांबट आणि हळद्या असतात. उभ्या कड्याच्या कपारीत शाहीन ससाणा घरटे करतो. वरच्या सपाट माळावर गवत असते. तिथे चंडोल गातो.

आणखी एक फरक आहे. सह्याद्रीच्या कोकणाकडील अंगाला पाऊस फार. देशाकडील अंगाला कमी. म्हणून डोंगर एकच, पण दोन अंगांना झाडी वेगळी. झाडी वेगळी, म्हणून पाखरे वेगळी.

यावरून काय समजले? नुसते शिखर राखून भागत नाही. तळमजला पाडला तर वरचा मजला उभा राहील काय? डोंगर राखायचा तर पायथा, उतार, कडा आणि माथा, सर्वांचा विचार हवा. बहुधा घात होतो तो पायथ्याचा. कारण रस्ता, खाण आणि घरे आधी तिथेच येतात.

३. चार कसोट्या

सोनार सोने कसोटीवर घासून पाहतो. तशाच जागा पारखण्याच्या कसोट्या आहेत. बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था जगभर पक्ष्यांसाठी काम करते. तिने या कसोट्या घालून दिल्या आहेत. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम केले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. कसोट्या अशा:

पहिली कसोटी: जगातून नाहीसा होण्याची भीती असलेला पक्षी तिथे राहतो काय?

दुसरी कसोटी: थोड्याच मुलखात सापडणारा पक्षी तिथे राहतो काय? निलगिरी रानपारवा पहा. मलबारी राखी धनेश पहा. हे दोन्ही पक्षी पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाहीत. आपण त्यांना गमावले, तर दुसरीकडून आणता येणार नाहीत.

तिसरी कसोटी: एका जातीच्या रानात राहणाऱ्या पाखरांचा सगळा गोतावळा तिथे एकत्र आहे काय?

चौथी कसोटी: तिथे पाखरे हजारोंनी जमतात काय? ही कसोटी डोंगरापेक्षा पाणथळीला जास्त लागते. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. म्हणून २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला.

या कसोट्या लावून २००४ साली भारतातील अशा जागांची यादी पुस्तकरूपाने निघाली. २०१६ साली दुसरी आवृत्ती आली. तेव्हा जागा ५५४ झाल्या. मात्र ध्यानात ठेवा: यादी म्हणजे कायदा नव्हे. यादीत नाव आल्याने कुऱ्हाड थांबत नाही. यादी फक्त बोट दाखवते, "इकडे आधी पहा."

४. थोडा हिशेब करू

आता एक गणित घ्या. हे आकडे शिकण्यासाठी मनाने घेतले आहेत.

समजा, तीन डोंगर आहेत. अ डोंगरावर ६० जातींची पाखरे आहेत. ब डोंगरावर ५५ जातींची आहेत. क डोंगरावर फक्त २५. आपल्याजवळ दोनच डोंगर राखण्याइतकी माणसे आहेत. कोणते दोन घ्याल?

घाईने उत्तर देणारा म्हणेल, "अ आणि ब. तिथं पाखरं जास्त."

थांबा. नीट चौकशी करू. ब डोंगरावरच्या ५५ पैकी ५० जाती अ डोंगरावरही आहेत. म्हणजे ब घेतल्याने नव्या जाती मिळाल्या ५. एकूण झाल्या ६५.

क डोंगरावरच्या २५ पैकी फक्त १० जाती अ डोंगरावर आहेत. म्हणजे क घेतल्याने नव्या जाती मिळाल्या १५. एकूण झाल्या ७५.

तेव्हा अ आणि क हीच जोडी बरी. क डोंगर उघडा-बोडका दिसेल. पाहुणा त्याला नावे ठेवील. पण त्याच्याजवळ जे आहे, ते दुसऱ्याजवळ नाही.

बाजारात दोन पिशव्या नेल्या आणि दोन्हींत कांदेच भरले, तर घरची माणसे काय म्हणतील? एकीत कांदे घ्यावेत, दुसरीत भाजी घ्यावी. डोंगरांचेही असेच आहे. नुसती मोठी संख्या पाहू नये. एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढावी.

यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. धोका कुठे जवळ आला आहे? ज्या डोंगराच्या पायथ्याशी उद्या यंत्र येणार, त्याचा विचार आज करावा.

५. रानपिंगळ्याची गोष्ट

हा सारा हिशेब नोंदींवर चालतो. कोणता पक्षी कुठे दिसला, हे खरे लिहिलेले असेल, तरच निवड खरी. नोंद खोटी असेल तर काय होते? त्याची ही घडलेली गोष्ट.

आपल्या गावातला पिंगळा सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी तारेवर बसून किचकिचाट करतो. त्याचा एक भाऊबंद जंगलात राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो. पोट पांढरे असते. पाय जाड आणि नख्या मोठ्या असतात. तो दिवसाही उजेडात बसतो. सरडे, उंदीर आणि किडे खातो.

१८७३ साली ह्यूम या इंग्रजाने या पक्ष्याची पहिली माहिती छापली. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी खानदेशात होता. त्याने पश्चिम खानदेशात हे पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाला खात्रीने सापडला नाही. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने उरले.

त्या सातांपैकी एकावर चिठ्ठी होती. कर्नल माइनर्टझहॅगन या इंग्रजाने लिहिले होते, की हा पक्षी त्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीजवळ मिळवला. जाणत्या माणसांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. शोध घेतले. रानपिंगळा मिळाला नाही. लोक म्हणू लागले, "संपला. आता तो नाही."

पामेला रासमुसेन या अमेरिकेच्या पक्षीतज्ञ. त्यांना चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली. आत कापूस कसा भरला होता, शिवण कशी होती, ते पाहिले. तेव्हा लबाडी उघडी पडली. तो नमुना डेव्हिडसनच्या हातचा होता. कर्नलने तो ब्रिटिश म्युझियममधून चोरला होता. पुन्हा शिवून नवी चिठ्ठी लावली होती. मांडवीची नोंद खोटी होती.

मग रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली. उरलेल्या खऱ्या नोंदी घेतल्या. दोन साथीदारांबरोबर त्या भारतात आल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. तिथे पक्षी दिसला नाही. मग त्या खानदेशात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

पुढे तोरणमाळ भागात आणि मेळघाटातही तो सापडला. त्या रानांना त्यामुळे नवे महत्त्व आले.

पाहा, एक खोटी चिठ्ठी काय करते! माणसे चुकीच्या रानात फिरतात. आणि खऱ्या रानात, कोणाचे लक्ष नसताना, झाडे पडत राहतात.

६. तानसाचा धडा

गोष्ट इथे संपली नाही. ती आपल्या ठाणे जिल्ह्यात आली.

डोंबिवलीहून कसारा गाडीने निघालात, की आसनगावानंतर आटगाव लागते. तिथून तानसा जवळ. तिथे अभयारण्य आहे. सागाचे रान आहे. मुंबईची माणसे वर्षानुवर्षे तिथे सहलीला जात होती. २०१४ साली तिथे रानपिंगळा दिसला. त्याआधी तो सातपुड्याच्या बाजूलाच आहे, असे समजत. सह्याद्रीच्या अंगाला तो असेल, असे फार थोड्यांना वाटले होते.

तलावासाठी, पाण्यासाठी जे रान राहिले, ते पाखराच्या कामी आले. पण समजा, ते रान मधल्या काळात तुटले असते तर? "तिथं काही नव्हतंच," असे म्हणून लोक मोकळे झाले असते.

म्हणून हे वाक्य पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा: न पाहिलेला डोंगर म्हणजे रिकामा डोंगर नव्हे.

नोंद नाही, याचे दोन अर्थ होतात. एक, तिथे पक्षी नाही. दोन, तिथे कोणी पाहिलेच नाही. निवड करताना हे दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात. यासाठी जाणते लोक नकाशावर चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात सारखा वेळ चालतात. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत पुन्हा जातात. दिसलेले पाखरू लिहितात, ऐकलेले लिहितात. काही दिसले नाही, तर तेही लिहितात. ज्या चौकोनात कोणी गेलेच नाही, त्यावर तशी खूण करतात.

७. राखायचे म्हणजे काय करायचे?

जागा ठरली. आता पुढे काय? पाटी लावली आणि कुंपण घातले, की झाले काय?

रानपिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. जुन्या झाडांना ढोल्या असतात. आणि जळणासाठी लोक आधी जुनी, वठलेली झाडेच तोडतात. मग अशी बोलणी होते:

"मावशी, हे वठलेलं झाड तोडू नका."

"अरे भाऊ, हिरवं तोडलं तर तुम्ही ओरडता. वाळलेलं तोडलं तरी ओरडता. मग चूल पेटवू कशानं?"

"मावशी, वर बघा. ढोली आहे. आत पाखरू राहतं."

"ते मला ठाऊक आहे. तू आज बघतोस. मी रोज या वाटेनं येते. खाली पडलेल्या फांद्या नेऊ देशील?"

"त्या न्या."

"मग ढोलीचं झाड मी सोडते. बाकीच्या बायांनाही सांगते. आणि कोणत्या झाडाला ढोली आहे ते कागदावर शोधू नकोस. मला विचार."

या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. चुलीचा प्रश्न सोडवल्याशिवाय झाड वाचत नाही. आणि रानातल्या माणसाला जे ठाऊक असते, ते नकाशाला ठाऊक नसते. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी ही मंडळी पिढ्यान् पिढ्या या डोंगरांत राहतात. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा राहतात. त्यांना बाजूला सारून केलेली राखण टिकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या हक्कांना मान्यता दिली आहे. जागा निवडताना त्यांना आधी विचारावे, मागाहून कळवू नये.

दुसरी अडचण भीतीची. पिंगळा ओरडला की अपशकुन, असे काही लोक मानतात. काही भोंदू जादूटोण्यासाठी घुबडे मागतात. पूर्वी पहाटे दारी येणारा पिंगळा कुडमुडे वाजवून भविष्य सांगे, लोक त्याला धान्य घालत. पण झाडावरचा पिंगळा भविष्य सांगत नाही. तो उंदीर धरतो. घुबड किंवा पिंगळा मारणे, पकडणे, विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट गिधाडांची. गिधाडे सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करतात. १९९० नंतरच्या काही वर्षांत भारतातली गिधाडे झपाट्याने मेली. कडे जागेवर होते. घरटी जागेवर होती. मग काय झाले? २००४ साली कारण छापून आले. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड बिघडे. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

यावरून काय शिकायचे? जागा राखणे जरूर आहे, पण पुरेसे नाही. घरटे डोंगरावर असते, आणि विष गोठ्यातून येते. म्हणून डोंगराबरोबर डोंगराखालच्या गावाकडेही पाहावे.

८. आपण काय करू शकतो?

तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ताच वाचायला शिकलो. हे मोठ्यांचे काम."

तसे नाही. नोंद लिहायला चार गोष्टी लागतात: तारीख, वेळ, जागा आणि काय दिसले. ज्याला आपले नाव लिहिता येते, त्याला या चार गोष्टी लिहिता येतात. हल्ली मोबाइलवर ई-बर्ड नावाची नोंदवही आहे. जगभरचे लोक तिच्यात पाखरे लिहितात. फोन नसेल तर साधी वही चालेल.

एक नियम मात्र पाळा. जे पाहिले तेच लिहा. ओळख पटली नाही, तर "ओळखले नाही" असे लिहा. त्यात कमीपणा नाही. त्या कर्नलला लिहिता येत होते, पण खरे लिहिता आले नाही. त्याच्या सुंदर इंग्रजी अक्षरापेक्षा तुमचे वेडेवाकडे पण खरे अक्षर डोंगराच्या जास्त उपयोगी पडेल.

आणि एक खबरदारी. रानात घरटे दिसले, तर त्याची जागा चारचौघांत सांगत सुटू नका. वन खात्याला सांगा. घरट्याजवळ गर्दी करू नका.

नवे शब्द

कसोटी: पारख करण्याचे साधन.
गोतावळा: नात्यातली सर्व माणसे.
ढोली: झाडाच्या खोडातली पोकळ जागा.
वठलेले: वाळून गेलेले.
पाणथळ: जिथे पाणी साचून राहते अशी जमीन.
अभयारण्य: जिथे वन्य प्राण्यांना कायद्याने अभय दिले आहे असे रान.

उत्तरे सांगा

१. डोंगराला चाळ का म्हटले आहे?
२. अ आणि क हे डोंगर का निवडले? बेरीज करून दाखवा.
३. खोट्या चिठ्ठीमुळे काय नुकसान झाले?
४. "नोंद नाही" याचे दोन अर्थ कोणते?
५. मावशीने वनरक्षकाला कोणती गोष्ट शिकवली?

करून पाहा

आपल्या घराच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून सकाळी पाव तास पाहा. वहीत चार रकाने पाडा: तारीख, वेळ, जागा, पाखरू. आठ दिवस रोज लिहा. आठव्या दिवशी वर्गातल्या दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. तुमच्या वहीत नाही, पण त्यांच्या वहीत आहे, अशी पाखरे मोजा. मग दोनच खिडक्या राखायच्या झाल्या, तर कोणत्या दोन निवडाल, ते सर्वांनी मिळून ठरवा.